आगगाडी बघून लोक पळाले, हे आधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या सिनेमावरचा लेख आवडला, पण पडद्यावर आगगाडी आलेली बघून पॅरिसचे लोक खुर्च्या टाकून पळाले असं जे छापलंय ते खटकलं म्हणून लिहितोय. सिनेमाचं यंत्र काढणाऱ्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंचा तिकीट लावून पहिला खेळ झाला २८ डिसेंबर १८९५ ला, पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात, तिकीट एक फ्रँक, माणसं ३३, आणि त्या दिवशीच्या १० फिल्म्समध्ये ती आगगाडी नव्हतीच. ती नंतर दाखवली, आणि तेव्हाही पळापळ झाल्याचा त्या काळातला पक्का पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. रशियन लेखक गॉर्कीनं १८९६ मध्ये रशियात ती फिल्म बघितली, गाडी आता अंगावर येणार असं वाटतं पण ती सावल्यांचीच गाडी, असं त्यानं लिहून ठेवलंय, रंग नाही, आवाज नाही, झाडाची पानंसुद्धा राखाडी, इतकं बारीक बघितलंय त्यानं.

मग पळणारा माणूस आला कुठनं? १९०१ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट पॉलनं एक छोटी फिल्म काढली, त्यात एक खेडवळ माणूस पडद्यावरच्या रेल्वेला भिऊन पळतो. शहरातल्या लोकांना हसवायला केलेलं ते, आणि असल्या गमतीच पुढं इतिहास म्हणून खपल्या असं माझं स्पष्ट मत आहे. खेडवळ म्हटलं की भित्रा, अडाणी, हे आम्ही खानापूर तालुक्यातल्या लोकांनी का ऐकून घ्यायचं?

मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला एक रुपया तिकिटात लुमिएरांच्याच सहा फिल्म्स दाखवल्या, त्यात आगगाडी होती. पण पडदा आणि उजेड आपल्या लोकांना काही नवा नव्हता, कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका त्याच्या आधीच सुरू झालेली, काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर हलवून दाखवायचे.

फाळक्यांच्या १९१७ च्या लंकादहनात राम दिसला की लोक हात जोडायचे असं सांगतात. ते मला शंभर टक्के पटतं, कारण आमची आजी जत्रेतल्या टेंटमध्ये घोंगडं अंथरून बसायची आणि पडद्यावर विठोबा आला की पदर सावरून नमस्कार करायची, आणि रीळ तुटलं की त्याच तोंडानं मशीनवाल्याला ओरडायची पण. पडदा आहे, मशीन आहे, सगळं ठाऊक होतं की हो तिला, तरी नमस्कार मनापासनं.

तर विनंती अशी की एक दुरुस्ती छापा, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडं टेंटमधला सिनेमा बघितलेली म्हातारी माणसं अजून आहेत, तुमचे वार्ताहर गावोगाव असतातच, त्यांना पाठवून या लोकांच्या आठवणी लिहून घ्या, उशीर करू नका.

आपला नियमित वाचक,
खानापूर, जि. बेळगाव