माँटसेराट म्हणजे नुसतं प्लिमथ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॅरिबियन सहलीवरचा लेख वाचला. त्यात माँटसेराटच्या वाट्याला चारच ओळी आल्या आहेत आणि त्यांत ‘लाव्हारसाखाली गाडलं गेलेलं भुतांचं बेट’ असा उल्लेख आहे. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. हे बेट आम्ही दोघं नुकतंच पाहून आलो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी लाव्हारसाबद्दल. प्लिमथ हे बेटाचं मुख्य शहर लाव्ह्यानं गाडलेलं नाही. सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी १८ जुलै १९९५ रोजी जागा झाला, पण त्याचा लाव्हा इतका घट्ट, की तो वाहत नाही. तोंडाशीच साचून त्याचा घुमट होतो. घुमटाचा भाग ढासळला की तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा उतारावरून सुसाट सुटतो. प्लिमथ जाळलं ते अशा लोंढ्यांनी. नंतर दर मोठ्या पावसात डोंगरावरची राख चिखल होऊन खाली येत राहिली आणि शहर बुजत गेलं. वर्गात हे खडूनं काढून दाखवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे लेखातली ती ओळ खटकलीच.

तिथं आपल्या मनानं जाता येत नाही. तो प्रतिबंधित भाग आहे. पोलिसांची परवानगी आणि परवानाधारक वाटाड्या, दोन्ही लागतात. आमच्या वाटाड्याचं बालपण प्लिमथमध्येच गेलेलं. आम्ही ज्या जमिनीवर उभे होतो, तिच्याखाली दुकानांचे तळमजले होते. आसपासचे प्रवासी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपुढे उभे राहून फोटो काढत होते. वाटाड्या मात्र बोट दाखवून कुणाचं दुकान कुठं होतं तेवढंच सांगत होता. कागदोपत्री बेटाची राजधानी अजून प्लिमथच आहे.

२५ जून १९९७ या दिवशी अशाच लोंढ्यांत १९ माणसं मेली. डोंगराचा तो भाग धोक्याचा म्हणून आधीच बंद केला होता. मग ती तिथं का होती? त्यातले अनेकजण शेतकरी. घरं सोडलेली माणसं उत्तरेकडच्या शाळांत, चर्चमध्ये दाटीवाटीनं राहत होती, पण शेतं डोंगराच्या उतारावरच राहिली होती. पीक उभं असताना शेतकरी पाठ फिरवत नाही. ‘भुतांचं बेट’ हे शब्द मला म्हणूनच सहन झाले नाहीत.

पूर्वी अकरा-बारा हजार लोकवस्ती होती, आज पाच हजारांच्या आत. बरेचजण ब्रिटनला गेले. बेट ब्रिटनच्याच ताब्यात आहे. जे राहिले त्यांनी उत्तरेत संसार नव्यानं मांडला. सरकारी कचेऱ्या ब्रेड्सला आहेत. जुना विमानतळ ज्वालामुखीनं गिळला, म्हणून जेराल्ड्सला टेकडीवर २००५ मध्ये नवा झाला. धावपट्टी जेमतेम ६०० मीटर! शेजारच्या अँटिग्वा बेटाहून वीसेक मिनिटांत चिमुकलं विमान तिथं उतरतं, तेव्हा आमचे हे डोळे मिटून बसले होते. पारपत्रावर हिरव्या तीन पानांचा, म्हणजे आयर्लंडच्या चिन्हाचा, शिक्का बसतो, कारण इथं येऊन राहिलेल्या गोऱ्यांत आयरिश पुष्कळ होते.

आम्ही मुद्दाम मार्चमध्ये गेलो. १७ मार्चला, आयर्लंडचे संत सेंट पॅट्रिक यांच्या दिवशी, इथं सार्वजनिक सुट्टी असते. पण तिचं कारण नुसतं आयरिश नाही. १७६८ मध्ये याच दिवशी, मालक मंडळी सणात दंग असतील असा हिशेब करून गुलामांनी उठाव ठरवला होता. तो बेत आधीच उघडा पडला आणि उठाव ठरवणाऱ्यांना फाशी झाली. आज त्यांच्याच आठवणीत मुखवटे घालून, ढोल वाजवून रस्त्यावर नाचतात. ‘गोट वॉटर’ नावाचा बकऱ्याच्या मटणाचा लवंग घातलेला रस्सा मिळतो. मी शाकाहारी, पण ह्यांनी दोन वाट्या रिचवल्या.

बरेच पाहुणे अँटिग्वाहून सकाळी येतात, प्लिमथ बघतात आणि संध्याकाळी परततात. त्यांचे पूर्व कॅरिबियन डॉलर इथल्या खाणावळींत नि घरगुती खोल्यांत फारसे पोचत नाहीत. आपल्या वाचकांनी निदान दोन रात्री तरी राहावं. फक्त मार्चमधल्या त्या आठवड्यासाठी खोली फार आधी ठरवावी लागते, कारण परदेशी गेलेले माँटसेराटकरही तेव्हाच घरी येतात. लेखासोबतच्या नकाशात एकट्या प्लिमथचा ठिपका होता. दुरुस्ती छापाल तेव्हा ब्रेड्स, जेराल्ड्स, सेंट जॉन्स आणि लिटल बे ही उत्तरेतली नावंही घालावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका