खुर्च्यांआधी छताचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

खान्देशात मोठ्या इनडोअर स्टेडियमचा विषय निघाला की चर्चा खुर्च्यांवरच अडते. खेळही होतील आणि गाण्याचे कार्यक्रमही, हे सगळे धरूनच चालतात. खरी मेख छतात असते.

उत्तर इंग्लंडमध्ये अशी अरिना बरीच आहेत. शेफिल्डला १९९१ पासून आइस हॉकीच्या बर्फावर फळ्या अंथरून मैफली होतात. लीड्सने २०१३ मध्ये आपल्या अरिनाची बैठक उघडलेल्या हातपंख्यासारखी केली. सगळ्यांची तोंडे मंचाकडे, म्हणजे गाण्याला झुकते माप. तिथे मधोमध कबड्डी लावली तर चौफेर प्रेक्षक बसणार नाहीत. मँचेस्टरच्या २३,५०० क्षमतेच्या को-ऑप लाइव्ह अरिनामध्ये २०२४ साली वायुवीजनाचा एक भाग वरून निखळला, कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि उद्घाटन लांबले. एवढा पैसा ओतूनही नडली ती वर टांगलेली वस्तूच.

आपल्याकडे बहुधा लोखंडी सांगाड्यावर पत्रा येणार. ज्या छतावर वावर नसतो त्याला भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ७५ किलो भार धरतात, उतार वाढला की त्याहून कमी. हा भार डागडुजीसाठी चढणाऱ्यांचा, सगळीकडे पसरलेला. मैफलीचे ओझे मात्र मोजक्या जागी लोंबते. स्पीकरचा एक डबा ८० किलोचा आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा डबे धरले, तरी जवळपास दोन टन झाले. दिवे टांगायचा ट्रस (धातूच्या नळ्यांचा जाळीदार सांगाडा), दिवे, एलईडी पडदा आणि चेन होइस्ट (साखळीने ओझे उचलणारी यंत्रे) वेगळेच. पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीला, साखळी अडकवून हे भागत नाही. छत पेलणाऱ्या मुख्य ट्रसच्या सांध्यांवर टांगण्याचे बिंदू आणि प्रत्येकाची क्षमता नकाशातच लिहून घ्यावी. नंतर वाढवायचे म्हटले की खांब आणि पायाही पुन्हा तपासावा लागतो. ते जमले नाही की सामान टांगायला जमिनीवर टॉवर उभे राहतात आणि मागच्यांना मंचच दिसत नाही.

पत्र्याखाली आवाज घुमतो आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आतला माणूस भाजतो. दोन्हींवर इलाज एकच: वरच्या पत्र्याखाली ५० मिलिमीटर किंवा जास्त जाडीची रॉकवूल (दगडापासून केलेली लोकरीसारखी गादी) आणि तिच्या खाली भोकांचा पत्रा. पैसे वाचवायला कंत्राटदार सपाट पत्रा लावतो. त्याने उष्णता अडते, पण घुमणे तसेच राहते. निवेदकाचे एक वाक्य संपेपर्यंत आधीचे कानात वाजत असते.

कूलरचा मोह आवरावा. उन्हाळ्यात गारवा मिळेल, पण त्याच्या झोताने बॅडमिंटनचे शटल भरकटते आणि ओल्या हवेने लाकडी फ्लोअर फुगते. पावसाळ्यात ते एरवीही फुगतेच, म्हणून भिंतीलगत दोन इंच फट सोडून वर स्कर्टिंग, म्हणजे फट झाकणारी पट्टी, लावतात. ती फट बुजवली की पट्ट्या मधूनच उचलल्या जातात. मोठ्या बॅडमिंटन स्पर्धांना कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते. बास्केटबॉलचे ७ मीटरमध्ये भागते. एसीचे डक्ट आणि दिवे या उंचीच्या वर बसले पाहिजेत, हे नकाशा पाहताना हमखास राहून जाते.

सामानाचा ट्रक थेट आत येईल एवढे, किमान साडेचार मीटर उंचीचे दार मागच्या बाजूला हवे. प्रेक्षकांच्या दारातून स्पीकर ओढत नेले की फ्लोअरची पहिली पट्टी तिथेच फुटते.

– मंच व ध्वनिव्यवस्थेचे काम करणारे काही जण, जळगाव