दूध संकलनाच्या फॉर्ममध्ये एका बटणाने नोंदी पुसल्या जातात, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : संकलन फॉर्ममधील कीबोर्डचा दोष त्वरित दूर करणेबाबत

महोदय,

आमच्या दूध संस्थेचे संकलन तुम्ही ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये) करून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालते. दुधाच्या गेल्या पगारात म्हशीचे दूध घालणाऱ्या सभासदांच्या अकरा नोंदींना शून्य दर लागला. त्यातल्या एक आजी दहा दिवसांच्या सगळ्या पावत्या पिशवीत बांधून घेऊन आल्या. पावतीवर एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरणारा घन भाग, यावरही दर ठरतो) ९.२ छापलेला, आणि आमच्या संगणकात तोच रकाना कोरा. त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचेना.

तुमच्या माणसाने फोनवर 'ऑपरेटरची चूक' म्हणून विषय संपवला. ते मला मान्य नाही. मी दोन दिवस पहाटे साडेपाचपासून ऑपरेटरशेजारी बसलो आणि दोष डोळ्यांनी पाहिला.

आमच्याकडे पहाटे वीज जाते. संगणक पुन्हा सुरू झाला की नम लॉक, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे चालू करणारे बटण, बंद असते. बाहेर कॅन घेऊन रांग उभी, त्यामुळे मुलगा उजवीकडच्या आकड्यांवरच बोटे चालवतो. एसएनएफ ९.१ टाकायला तो ९ दाबतो, पण नम लॉक बंद असताना ते बटण पेज अप, म्हणजे मागे नेणारे, असते. फॉर्म अर्धवट नोंद जतन करून आधीच्या सभासदाच्या नोंदीवर जातो. तिथे एसएनएफचा रकाना आपोआप निवडलेला असतो. पुढचे टिंबाचे बटण तेव्हा डिलीटचे काम करते, आणि त्या सभासदाचा एसएनएफ पुसला जातो. १ म्हणजे एंड, त्याने कर्सर शेवटच्या रकान्यात. मुलाच्या लक्षात येते, तो नम लॉक लावून आपली नोंद पुरी करतो. आधीच्याची पावती तर छापून गेलेली असते, तिकडे कोण बघणार?

मार्चमध्ये तुमच्या तंत्रज्ञाने यावर उपाय केला म्हणून बिल लावले. मी कोड उघडून पाहिला. त्याने तपासणी रकान्याच्या की-प्रेसमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या एका कोडमध्ये, लिहिली आहे. की-प्रेस अक्षरे आणि आकडे पकडते, पेज अप-पेज डाउन तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. ती की-डाउनमध्ये पकडावी लागतात. फॉर्मचे की-प्रिव्ह्यू हे सेटिंग 'होय' करायचे, म्हणजे कोणत्याही रकान्यात असताना बटण आधी फॉर्मकडे येते. मग ३३ आणि ३४ हे की-कोड (पेज अप व पेज डाउनचे क्रमांक) आले की की-कोड शून्य करायचा. एवढ्याने फॉर्म जागचा हलणार नाही. एस्केपचेही बघा, दोनदा दाबले की न जतन झालेली पूर्ण नोंद जाते. आणि एसएनएफ कोरा असताना नोंद जतनच होऊ नये, ही तपासणी बिफोर अपडेटमध्ये, म्हणजे जतन होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये, हवी. ती पहिल्या दिवसापासून का नव्हती?

हे काम जाणत्या माणसाला तासाभराचे आहे. त्याचे वेगळे पैसे आम्ही देणार नाही, मार्चचे बिलही परत हवे. चालू दहा दिवसांचा हिशेब २० तारखेला बंद होतो, त्याआधी माणूस पाठवा. येताना त्याने गेल्या वर्षभरातल्या कोऱ्या एसएनएफच्या सगळ्या नोंदी काढून द्याव्यात, म्हणजे पावत्यांशी ताडून सभासदांचे पैसे आम्हाला परत करता येतील. आजींची पिशवी माझ्या कपाटात ठेवली आहे.

आपला,
सचिव, दूध उत्पादक सहकारी संस्था
जि. कोल्हापूर