उरलेल्या गोळ्या परत आणणाऱ्यांना

मधुमेहाच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, भाग घेतलेल्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी आभार त्या अर्धवट भरलेल्या बाटल्यांचे. ३५ गोळ्या, रोज एक, २८ दिवसांनी व्हिजिट. हिशेबाने ७ उरायला हव्यात. उरल्या १२, तर ‘५ चुकल्या’ असं तुम्ही सरळ सांगितलंत. डॉक्टर रागावतील म्हणून जास्तीच्या गोळ्या वाटेत टाकून देणारेही असतात. मग कागदावर औषध पुरतं घेतलेलं दिसतं, साखर मात्र उतरलेली नसते, आणि दोष औषधाच्या माथी येतो.

तेच चहाचं. रक्ततपासणीला उपाशीपोटी यायचं, म्हणजे किमान ८ तास पाण्याखेरीज काही नाही. कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून परळला उतरायचं आणि समोरच्या कटिंगकडे पाठ फिरवायची, ही चेष्टा नाही! राहवलं नाही म्हणून घोटभर घेतला आणि सुई टोचण्याआधी तसं सांगितलं, त्यांचे तर विशेष आभार. आपण तारीख पुढे ढकलली, एवढंच.

का येता तुम्ही? कुणाच्या घरी वडिलांचा पाय मधुमेहाने गेलेला असतो. कुणाला तपासण्या फुकट होतात, डॉक्टर निवांत बोलतात हे बरं वाटतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मात्र ‘नवं औषध मला मिळणारच’ या आशेवर कुणी येऊ नये. एका गटाला नवं औषध मिळतं, दुसऱ्याला नाही; कोणत्या गटात कोण, हे संगणक ठरवतो; बहुतेकदा तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. म्हणून संमतीपत्र घरी नेऊन, पेन्सिलने खुणा करून, प्रश्न घेऊन परत आलात ते फार बरं झालं.

याच शहरात १८९७ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली. ते कैदी ‘नाही’ म्हणायला कितपत मोकळे होते? तुम्ही मोकळे आहात: कारण न देता केव्हाही ट्रायल सोडता येते, नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

ज्यांनी सोडली, पण फोन करून कारण सांगितलं, त्यांचेही आभार. नाहीतर नोंद ‘संपर्क नाही’ अशी झाली असती. आता ती ‘मळमळीमुळे सोडली’ अशी आहे. औषधाच्या माहितीपत्रकात मळमळ लिहायची का, हे अशाच नोंदी पाहून ठरतं.

आपले,
ट्रायलचे समन्वयक आणि परिचारिका, मुंबई