डायल टोन आहे, पण नंबर लागत नाही : दूरसंचारमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दूरसंचारमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहणारी निवृत्त शिक्षिका. वाडी खोलगटात, मोबाइलला रेंज नाही. आधार लँडलाइनचाच. गेल्या मंगळवारी रात्री यजमान न्हाणीत पडले. १०८ लावायला मी रिसीव्हर उचलला. डायल टोन आला. १ दाबला, टोन तुटला नाही. ० दाबला, ८ दाबला, टोन तसाच घरघरत राहिला. दहा-अकरा वेळा लावला असेल. शेवटी शेजारचा मुलगा मोटरसायकलवरून सड्यावर गेला आणि तिथून त्याने फोन केला. खुबा मोडलेल्या माणसाने तासभर ओल्या फरशीवर काढला.

लाइन जूनपासून अशीच आहे. गणपतीआधी पिलरमधला, म्हणजे रस्त्याकडेच्या तारांच्या पेटीतला, जोड बदलतो, असा शब्द मिळाला होता. गणपती गेले, नवरात्रही संपलं. प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर : "टोन येतोय ना? मग लाइन ओके आहे." तक्रार बंद.

लाइन ओके नाही, साहेब. बटण दाबलं की दोन सूर एकदम जातात. ५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. तारेत घरघर असली की ते एक्स्चेंजला ओळखू येत नाहीत. मी दुसरा फोन आणून लावला. घरातली वायर सोडवून, बाहेरच्या डबीवर थेट जोडून पाहिला. तेच! म्हणजे बिघाड घरात नाही. मग फोनखालचा खटका टोनवरून पल्सवर केला. त्यात आकड्याइतक्या वेळा लाइन तुटते, शून्याला दहा वेळा. कोरड्या दिवशी नंबर लागतो, पाऊस पडला की भलत्याच घरी लागतो. जोडात पाणी शिरलंय, दुसरं काय? हे मला घरात बसून कळलं. तुमच्या माणसांनी चार महिन्यांत पिलरचं झाकण उघडलं नाही. लाइनमनला तरी काय बोलू? तो एकटा किती गावं फिरणार? माणसं वरून कमी केलीत.

२००९ साली ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला : बिघाड पंधरा दिवसांवर गेला तर महिन्याचं भाडं माफ. मला एक रुपया माफ झाला नाही, कारण कागदावर बिघाड कधी नव्हताच. तक्रार बंद झाल्याचा मेसेज मोबाइलवर पाठवतात, तोही रेंज नसलेल्या वाडीत! रेशन, वीज, दवाखाना, सगळीकडे हेच. शाळेत मी हेच पाहिलं. हजेरीपटावर मुलं हजर आणि बाकं रिकामी. वरच्याला पट पुरतो. वर्गात कोणी डोकावत नाही.

पुण्याहून मुलाचा फोन मात्र येतो, कारण रिंगच्या विजेचा दाब जास्त, तो ओल्या जोडातूनही पोचतो. तो रात्री नऊला फोन करतो. पावसात नऊनंतर काही झालं तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत त्याला कळवायची सोय नाही. यजमान अजून दवाखान्यात आहेत. ते घरी यायच्या आत जोड बदला, आणि कोणत्या तारखेला बदलणार ते पोस्टाने कळवा. पत्रं अजून पोचतात.

आपली,
एक लँडलाइनधारक