एक घर म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या साठ्याचा आलेख आला होता. एक स्तंभ गेल्या वर्षीचा, एक यंदाचा. आमच्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा तो पाहून म्हणाला, "सिस्टरआजी, यंदा डबल पाणी आहे!" मी चष्मा लावून पाहिलं. आकड्यांत फरक थोड्याच टक्क्यांचा होता. पण डावीकडचे आकडे शून्याऐवजी ऐंशीपासून सुरू केले होते, त्यामुळे यंदाचा स्तंभ दुप्पट उंच दिसत होता. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. उंच स्तंभ म्हणजे जास्त, एवढंच त्याला कोणीतरी सांगितलं होतं आणि त्याने तेच वाचलं.

मी लालबागला चाळीत राहते. ३४ वर्षं परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले. संध्याकाळी मजल्यावरची तिसरी ते सहावीची सहा मुलं माझ्या खोलीत अभ्यासाला बसतात. मी गणिताची शिक्षिका नाही. पण तापाचे तक्ते भरण्यात आयुष्य गेलं, म्हणून या विषयावर पोटतिडकीने लिहिते आहे.

मुलं नेमकी कुठे अडतात ते मी रोज पाहते. पुस्तकात चित्रालेख येतो, मग स्तंभालेख येतो. कोपऱ्यात प्रमाण छापलेलं असतं, १ सेमी म्हणजे १० मुले, असं. ती ओळ मुलं वाचतच नाहीत. स्तंभ २० आणि ३० च्या बरोबर मध्ये, मधल्या रेघेवर संपला की उत्तर येतं २१, कारण विसाच्या वर एकच रेघ! दुसरी चूक याहून चिवट. ० आणि ५० च्या मध्ये चार बारीक रेघा असतात. मुलं रेघा मोजतात, पन्नासाला चाराने भागायला घेतात, भाग नीट जात नाही आणि पेन्सिल चावत बसतात. चार रेघांनी घरं पाडलेली असतात पाच, आणि एकेक घर दहाचं. हे मी पाटीवर कितीदा काढून दाखवलं, पण पटेना. शेवटी पाचवीतल्या एका मुलीला पंजा पसरायला सांगितला. बोटं मोज. पाच. आता मधल्या फटी मोज. चार. बोटं म्हणजे घरं, फटी म्हणजे रेघा. ती आपल्या हाताकडे बघतच राहिली. आता आलेख समोर आला की आमच्याकडे आधी पंजे पसरतात, आणि मग एकमेकांना विचारणं सुरू होतं, "एक घर म्हणजे किती?"

हा प्रश्न मला वॉर्डात भेटला होता. पाऱ्याच्या थर्मामीटरवर ९८ आणि ९९ च्या मध्येही चारच बारीक रेघा असतात. पाच घरं, एक घर दोन दशांशाचं. एका शिकाऊ मुलीने १०१ च्या वरची तिसरी रेघ पाहिली आणि १०१.३ लिहून मोकळी झाली. ताप होता १०१.६. चांगले मार्क मिळवून आलेली हुशार मुलगी, पण रेघ म्हणजे एक हे लहानपणी डोक्यात बसलेलं निघालं नव्हतं. इन्सुलिनच्या बाबतीत तर हे जिवाशी येतं. आपल्याकडे १ मिलिलिटरला ४० युनिटची कुपी मिळते आणि १०० युनिटचंही इन्सुलिन मिळतं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या, चाळीसची लाल टोपणाची, शंभरची केशरी. चाळीसच्या कुपीतलं औषध शंभरच्या सिरिंजने विसाच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नाही, आठच युनिट जातात. आकडा वीसच, बदललेलं असतं घर. घरच्या घरी इंजेक्शन घेणाऱ्या माणसाला हे उमगायला हवं आणि त्याची सुरुवात चौथी-पाचवीतच व्हायला हवी.

यंदा जुलैत मुलांबरोबर गच्चीवर पाऊस मोजला. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला. बाटलीचा तळ खालीवर असतो म्हणून तो बुडेपर्यंत आधी पाणी भरलं आणि तिथे शून्याची रेघ मारली. फूटपट्टीचं टोक लावायचं की शून्य लावायचं यावर बराच वाद झाला, कारण पट्टीचं शून्य टोकापासून जरा आत असतं. तो वाद मी मुद्दाम मिटवला नाही. त्यांचा त्यांनीच मिटवला.

रोज सकाळी मोजायचं आणि चौकटीच्या वहीत एका मिलिमीटरला एक घर रंगवायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी ६, मग १४, मग ९. छान चाललं होतं. चौथ्या दिवशी रात्रभर कोसळला आणि बाटलीत भरला ११८. वहीच्या पानावर उभी घरं तीसच्या आसपास. मुलं रंगवत रंगवत पानाच्या वरच्या कडेला पोचली आणि थांबली. कोणी म्हणालं पान जोडूया, कोणी म्हणालं उरलेला पाऊस शेजारच्या घरात भरूया. मी गप्प बसले. मग तिसरीतली सगळ्यात लहान पोर म्हणाली, "आपण एका घराला दहा धरूया ना!" सगळा आलेख नव्याने काढला. ११८ साठी बारावं घर कुठवर रंगवायचं यावर पुन्हा खल झाला. पण दहाचं घर केल्यावर ६ आणि ९ जवळजवळ सारखेच दिसू लागले, हेही त्यांच्याच लक्षात आलं. मोठं घर घेतलं की पान पुरतं आणि बारीक फरक हरवतो. मी हे शिकवलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

मग त्यांना २६ जुलै २००५ चा पाऊस सांगितला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. त्या रात्री मी ड्युटीवर अडकले होते. दहाच्या घराने कुलाब्याचा पाऊस साडेसात घरांच्या आत मावला. सांताक्रूझसाठी चार पानं डिंकाने जोडावी लागली आणि ती गॅलरीत पसरून ठेवली.

आता आपल्याकडे मागणी. स्तंभालेख छापताना आकडे शून्यापासून सुरू करा. स्तंभाची उंचीच बोलत असते, खालचा भाग कापला की तो खोटं बोलतो. रेषालेखाला हा नियम मी लावणार नाही. तापाचा तक्ता शून्यापासून काढला तर ९८ आणि १०३ यांतला फरकच नजरेत भरणार नाही. पण जिथे शून्य सोडाल तिथे अक्षावर तुटल्याची खूण ठळक करा. आणि एकेका तलावाचे टक्क्यांचे स्तंभ छापाल तेव्हा शेजारी लिटरही द्या. भरलेल्या तुळशी तलावाचा आणि भरलेल्या भातसाचा स्तंभ सारखाच उंच दिसतो, पण तुळशीत मावतं ८ हजार दशलक्ष लिटर आणि भातसात ७ लाख १७ हजार. आमची मुलं तशा चित्रावरून तुळशीलाही भातसाएवढा तलाव समजत होती.

शिक्षकांनाही विनंती आहे. स्तंभ वाचायला लावण्याआधी एक-दोन तास नुसती उभी रेघ द्या, स्तंभाशिवाय. प्रमाण छापून देऊ नका, मुलांना ठरवू द्या. पान अपुरं पडू द्या.

आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर महिन्यातून एकदा नुसते पावसाचे किंवा तलावांचे आकडे आणि खाली रिकाम्या चौकटी छापता येतील का? प्रमाण मुलं ठरवतील. तसं पान आलं तर त्या रविवारी मी सहा अंक घेईन, प्रत्येकाला एक. एकाच अंकावर सहाजण वाकले की शेवटच्या पोराला काही दिसत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
लालबाग, मुंबई