वरून मराठी, आतून तमाशा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख सुचवली गेली आणि ब्लॉक, म्हणजे पडद्यावरचे आज्ञांचे तयार तुकडे, जोडून प्रोग्राम लिहायची साधने शाळांच्या दारात येऊ लागली. त्यातली मुलांना सर्वात आवडणारी म्हणजे आभासी जगात बांधकाम करायला लावणारी. माइनक्राफ्ट किंवा लुआंटी (ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे नाव माइनटेस्ट) यांसारख्या त्रिमितीय जगात ब्लॉक जोडून भिंत उभारायची, जिना चढवायचा, प्राणी आणायचे. ‘पूर्णपणे मराठीत उपलब्ध’ हे शब्द अशा साधनांच्या माहितीपत्रकावर हमखास असतात. त्या ‘पूर्णपणे’बद्दल हे पत्र आहे. (यापुढे ‘एडिटर’ म्हणजे संगणकावरचा, ब्लॉक जोडायचा. आपल्याला आम्ही संपादकच म्हणू.)

अशा अनेक एडिटरांचा पाया ‘ब्लॉकली’ ही मुक्त स्रोत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच असते. ती कोणालाही घेता येते, बदलता येते. म्हणजे खाली सांगितलेल्या दुरुस्त्यांना परदेशातल्या कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली अडचण वाक्याची. ब्लॉकवरचा मजकूर साच्यासारखा असतो आणि त्यात रिकाम्या जागा असतात. ‘जा पुढे १० पावले’ हा क्रम इंग्रजीचा. मराठीला ‘१० पावले पुढे जा’ हवे. मजकूर आणि जागा एकाच साच्यात लिहिल्या असतील तर भाषांतरकार जागांचा क्रम खुशाल बदलू शकतो. पण जुन्या पद्धतीने, कोडमध्ये एकेक तुकडा चिकटवत ब्लॉक बनवला असेल तर क्रम जन्मापासून ठरलेला असतो. भाषांतरकाराच्या हाती फक्त सुटे शब्द येतात आणि ‘जा’ कायमचे पुढे राहते. इलाज एकच, ब्लॉकची व्याख्या साच्याच्या पद्धतीने नव्याने लिहिणे. ते करताना सगळ्या जागा एकाच ओळीत ठेवण्याची सेटिंगही चालू करावी, नाहीतर शेवटचे क्रियापद खालच्या ओळीत लोंबकळते.

क्रम सुधारला तरी विभक्ती उरते. ‘__ला येथे आणा’ या साच्यात यादीतून ‘घोडा’ निवडला की ‘घोडाला येथे आणा’ असे वाक्य तयार होते. गाय निवडली तर ‘गायला’, जणू कोणी मैफल गाजवली. सामान्यरूप ही आपल्या भाषेची रीत आहे, ती टाळून कसे चालेल? यादीतल्या प्रत्येक पर्यायाला दोन बाजू असतात, एक दिसणारी आणि एक प्रोग्रामला जाणारी. त्या ब्लॉकपुरते दिसणारे रूप ‘घोड्याला’, ‘गाईला’, ‘मेंढीला’ असे लिहून द्यायचे. आत जाणारे नाव तेच राहते. यादी वीस प्राण्यांची असली तर अर्ध्या तासाचे काम. मुलांनी स्वतः नाव दिलेल्या चलांना (प्रोग्राममध्ये किंमत साठवणाऱ्या कप्प्यांना) मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण ते कोणते नाव देतील ते आधी ठाऊक नसते. तिथे प्रत्ययच नको. ‘चल: गुण, नवी किंमत: १०’ हे थोडे सरकारी तक्त्यासारखे वाटते खरे, पण चुकत तर नाही.

आता खरा घोळ. मुलगी चलाला ‘पायऱ्या’ हे नाव देते. हा शब्द संगणकात निदान दोन प्रकारे साठतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा ‘र’ घेतात, पाय मोडतात आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शाळेतल्या एका संगणकावर पहिला कळफलक, दुसऱ्यावर दुसरा असेल, तर सोमवारी सुरू केलेला प्रोग्राम बुधवारी दुसऱ्या यंत्रावर उघडून तेच नाव पुन्हा टाइप केल्यावर चलांच्या यादीत दोन ‘पायऱ्या’ दिसतात. मुलगी एकीची किंमत वाढवते, जिना दुसरीची वाचतो. जिना शून्य पायऱ्यांचा होतो आणि चूक कुठे आहे ते डोळ्यांनी कळणे अशक्य.

ब्लॉकलीचे प्रमाणित कोड-जनित्र, म्हणजे ब्लॉकांवरून मजकुरी कोड लिहिणारा भाग, यात भर घालते. ते चलाच्या नावातले प्रत्येक बिगर-लॅटिन चिन्ह बाइटमध्ये फोडते आणि प्रत्येक बाइटसाठी अंडरस्कोर व दोन चिन्हे लिहिते. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटचे, म्हणून ‘गुण’ या नावाची २७ चिन्हांची माळ होते. ‘पायऱ्या’ पहिल्या प्रकारे लिहिले तर ६३ चिन्हे, दुसऱ्या प्रकारे ७२. ब्लॉकवरून मजकुरी कोडकडे वळलेल्या मुलाला शेजारच्या चौकटीत आपला प्रोग्राम ओळखूही येत नाही. ब्लॉककडून कोडकडे जायचा पूल म्हणून ती चौकट ठेवलेली, आणि तो पूल मराठी मुलांसाठीच तुटलेला.

हे आवश्यकही नाही. जावास्क्रिप्ट आणि पायथन ३ या दोन्ही भाषांना देवनागरी नावे चालतात. फरक एवढाच की जावास्क्रिप्टला अदृश्य जोडचिन्हही चालते, पायथन मात्र तेच चिन्ह नावात दिसले की वाक्यरचनेची चूक म्हणून थांबतो. म्हणून नाव साठवतानाच ते एकरूप करावे. युनिकोड या संगणकी अक्षरांच्या प्रमाणातले ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण लावले की काम झाले असा समज आहे. तो चुकीचा आहे. ते ‘र अधिक नुक्ता (खालचा ठिपका)’ आणि ‘ऱ’ यांना एक करते, पण ‘र, मोडलेला पाय, अदृश्य जोडचिन्ह’ या तिकडीला हात लावत नाही. ती तिकडी शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि मोडलेला पाय बसवणारी एक ओळ वेगळी लिहावी लागते. घाईत कोणी अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकतो, ते त्याहून वाईट. तसे केले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगर उभारायला बसलेल्या मुलाच्या यादीत समुद्र येतो. लुआंटीत चालणाऱ्या लुआ या भाषेसाठी कोड काढायचा असेल तर लॅटिन नावांवर राहणेच सुरक्षित. तिथे छोटे क्रमांकित नाव द्यावे आणि वरच्या ओळीत टिप्पणी म्हणून मुलाने दिलेले मराठी नाव लिहावे.

आकड्यांचे प्रकरण लहान आहे. संख्येच्या चौकटीत ‘१०’ असे देवनागरीत टाइप केले तर ब्लॉकली ते संख्या मानत नाही आणि जुनी किंमत परत आणते. मराठी माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकात जे अंक छापलेले, तेच इथे नापास. तपासणीआधी देवनागरी दहा अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालणारी एक ओळ पुरते. दिसताना मात्र मुलाने लिहिले तसेच दिसू द्यावेत.

ब्लॉकवरच्या चौकटीतला लांब मजकूर कापला जातो तिथेही पाहावे. मर्यादा मूळची ५० चिन्हांची, आणि मोजणीत काना-मात्रा वेगळ्या धरल्या जातात. त्यामुळे कधी जोडाक्षर मधोमध चिरले जाते आणि पाय मोडलेले अर्धे अक्षर टिंबांना टेकून उभे राहते. ब्राउझरमधली अक्षर-विभाजनाची सोय वापरून कापावे. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, तेव्हा शाळेतले ब्राउझर त्याहून जुने नाहीत ना, तेही तपासावे.

भाषेपलीकडच्या दोन गोष्टी. अनंत चालणारी आवर्तने (लूप) थांबवण्यासाठी ब्लॉकलीत सापळ्याची सोय आहे. तिच्या माहितीतल्या उदाहरणात तो १००० व्या फेरीला पडतो. ते उदाहरण जसेच्या तसे उचलले तर ३२ बाय ३२ ची फरशी घालणारा, एकात एक आवर्तन असलेला निर्दोष प्रोग्राम (बाहेरच्या आवर्तनाच्या फेऱ्याही मोजल्या जातात) एकतिसाव्या रांगेत आठ फरश्या घालून मरतो. आभासी जगासाठी मर्यादा बरीच मोठी हवी, आणि थांबताना नेमका कोणता ब्लॉक चालू होता तो उजळवून दाखवायला हवा. प्रत्येक विधानाआधी ब्लॉकची ओळख पाठवण्याची सोयही त्याच लायब्ररीत तयार आहे, फक्त जोडायची आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. माइनक्राफ्टचा ‘फिल’ आदेश एका वेळी जास्तीत जास्त ३२,७६८ ठोकळे भरतो, म्हणजे बरोबर ३२ च्या घनाएवढे. मुले ‘० पासून ३२ पर्यंत’ लिहितात. ते ३३ होतात, घन ३५,९३७ चा होतो आणि एकही ठोकळा पडत नाही. दोन कोपऱ्यांचे सहाही आकडे ब्लॉकवर लिहिलेले असताना एडिटरने गुणाकार करून आधीच ‘३,१६९ ठोकळे जास्त’ असे सांगणे कठीण नाही. तिथेच एक छोटे दिशायंत्रही दाखवावे: माइनक्राफ्टमध्ये तिसरा अक्ष दक्षिणेकडे वाढतो, लुआंटीमध्ये उत्तरेकडे. एका जगातला प्रोग्राम दुसऱ्यात नेला की वाडा आरशातल्यासारखा उलटा उभा राहतो आणि दोष बिचाऱ्या विद्यार्थ्याच्या माथी येतो.

साधन विकत घेण्याआधी मुख्याध्यापकांनी विक्रेत्यासमोर दहा मिनिटे काढावीत. दोन वेगळ्या कळफलकांनी ‘पायऱ्या’ हे चल बनवायला सांगावे आणि यादीत नावे किती दिसतात ते मोजावे. संख्येच्या चौकटीत ‘१०’ देवनागरीत टाइप करावे. प्राण्यांच्या यादीतून गाय निवडून वाक्य मोठ्याने वाचावे. शेवटी ‘कोड दाखवा’ हे बटण दाबून त्यात ‘पायऱ्या’ हा शब्द शोधावा.

आपले,
ब्लॉक-एडिटरांच्या मराठीकरणाचे काम करणारे काही वाचक